दवंडीची ओळ

शिवलिंगअप्पांच्या मुलीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा अंगठा टेकवून सरकारला सांगावं लागतं, तेच काम चाललं होतं. माझ्यापुढे सहा म्हातारे होते. महानंदा एवढंच म्हणाली, "बाई, अप्पा लिंगैक्य झाले. सकाळीच. दुपारी तीनला माती हाय." मी रांग सोडली. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, नंबर जाईल." जाऊ दे म्हटलं. लातूरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागलेलीच होती. पोचले तेव्हा अप्पांना भिंतीशी बसवलं होतं, लिंगायतांत बसवूनच पुरतात. कपाळावर विभूती, गळ्यात शेवंतीचे हार. उजवा हात मनगटाच्या वर वाकडा होता, तो मांडीवर नीट बसत नव्हता, म्हणून कुणीतरी तो हाराखाली दडवला होता. तो हात दडवलेला मला आवडला नाही. तो काढा बाहेर, असं तोंडात आलं होतं, पण त्या घरात तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता. का नव्हता ते सांगायलाच आज बसले आहे.

शिवलिंगअप्पा कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन प्रत्यक्ष दारात जाणारा माणूस. निकाल न्यायाधीश देतात, भांडतात वकील, शिव्या मात्र बेलिफ खातो. मी त्याच कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. कोर्टाचं नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेलच. जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. बोर्ड नवा, बाकी सगळं जुनं. खुर्च्या जुन्या, कपाटं जुनी, उस्मानाबादेहून ट्रकनं आलेले दावे तर माझ्याहून जुने. छापील नमुनेसुद्धा जुन्या जिल्ह्याचे होते. त्यावर पट्टी ठेवून निळ्या शाईनं नको ते शब्द खोडायचे आणि वर हवे ते लिहायचे, हे माझं पहिलं सरकारी काम. सहा महिने मी फक्त खोडत होते. अप्पा म्हणायचे, "बाई लई सरळ रेघ मारतात. शेतात हद्द आखायला न्यायला पाहिजे यांना."

मी भोकरकडची, सोनकांबळ्यांची. आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेली पहिलीच. दोन वर्षं परीक्षेवर होते, म्हणजे एखादी चूक आणि घरी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि काहीजण त्याची वाटही पाहत होते. अप्पांना तसलं काही नव्हतं. आमच्या खोलीत पाण्याचा एकच माठ होता आणि टँकरच्या दिवसांत तो दुपारी बाराला तळाला जायचा. अप्पा बाहेरून आले की घाम पुसत माझ्याच टेबलावरचा तांब्या उचलून तोंडाला लावायचे. 

पण अप्पा मवाळ होते असं कुणी समजू नये. मेल्यावर माणसाला साखरेत घोळायची आपल्याकडे रीत आहे, ती मला जमत नाही. त्यांचा हात चालायचा. अहमदपूरकडे एका घराचा ताबा घेताना त्यांनी दाराला मिठी मारून बसलेल्या माणसाचं मनगट पिरगाळून त्याला बाजूला फेकलं आणि मग त्याच्याच अंगणातलं तुळशीचं रोप उचलून सावलीत नेऊन ठेवलं. एका जप्तीत बाईच्या अंगावर विळा घेऊन आलेल्या दिराला त्यांनी असा ठोसा दिला की त्याचे दोन दात पायरीवर पडले. विचारलं तर म्हणाले, "कागदात हाय ते करायचं. कागदात न्हाई ते न्हाई. मधी कुणी आलं तर त्याचं नशीब." आयुष्यभर त्यांनी एवढा एकच नियम पाळला. हुकमात दवंडी लिहिली असेल तर आधी चावडीवर दवंडी, मग पंच, मग उंबरा. चोरासारखं कुणाच्या घरात शिरायचं नाही. हुकूम घेऊन जाणाऱ्यानं ढळढळीत उजेडात, सगळ्या गावाला सांगून जायचं.

त्या पावसाळ्यात आमच्या कोर्टात एक बाई येऊ लागली. विमल तिचं नाव. आमच्या भोकरच्याच एका मास्तरांची मुलगी, लग्न होऊन नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेलेली. नवरा डॉक्टर, निलंग्याकडच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं नांदतात. तिकडं दोघांचं बिनसलं. मुलगी मीना सात वर्षांची. आजीला दाखवून आणतो म्हणून डॉक्टरनं तिला सुट्टीत गावी आणलं आणि परत नेलंच नाही. स्वतःही इथंच राहिला, निलंग्यात दवाखाना थाटला. विमलनं तिकडच्या कोर्टातून हुकूम मिळवला, मुलगी आईकडे परत द्यावी असा. तो कागद मी हातात घेतला आहे. जाड, पिवळसर, त्यावर उमटवलेला शिक्का बोटांना लागायचा. बिचारीला वाटलं होतं, हा दाखवला की संपलं. आमच्या मोठ्या कारकुनांनी तो उलटसुलट करून परत दिला आणि सांगितलं, "ताई, बाहेरच्या देशाचा हुकूम इथं जसाच्या तसा बजावता येत नाही. इथल्या कोर्टात अर्ज करा. साहेब पोरीचं हित बघतील, मग इथला हुकूम होईल." विमल म्हणाली, "पोरगी माझी, कोर्टानं दिलीय, अजून कुणाचं हित बघायचं?" शेवटी तिनं अर्ज केला. आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या तारखेला मीना आली तेव्हा पांढरे मोजे, तोंडात इंग्रजी. साहेबांनी चेंबरमध्ये विचारलं, त्याचीही तिनं इंग्रजीतच उत्तरं दिली. शेवटच्या तारखेला मोजे नव्हते, केसांना तेल होतं, पाय फुटले होते. साहेबांनी विचारलं, कुणापाशी राहायचंय? ती म्हणाली, "म्हशीपाशी." साहेब हसले. मग तिनं आईकडे पाहिलं आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. साहेब हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी अकराला निकाल झाला… मुलगी तत्काळ आईच्या ताब्यात द्यावी, बेलिफानं समक्ष जाऊन द्यावी, सोबत बाई कर्मचारी असावी. डॉक्टरचा वकील तिथूनच स्टँडकडे पळाला. औरंगाबादेहून स्थगिती आणायला तो गेला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणजे जे करायचं ते उद्याच्या दुपारपर्यंत.

वॉरंट करायचं काम माझ्याकडे आलं. शेताच्या ताब्याचा नमुना होता, घराच्या ताब्याचा होता, बैलजोडीच्या जप्तीचाही होता. पोरीचा नव्हता. मी घराच्या ताब्याचा घेतला. पट्टी ठेवून 'मिळकत' खोडलं, 'मुलगी' लिहिलं. चतुःसीमा खोडल्या. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, वय सात, डाव्या गालावर तीळ. सगळ्यात खाली एक छापील ओळ असायची, 'गावात दवंडी देऊन व पंचांसमक्ष ताबा घ्यावा'. तिच्यातली दवंडी मी खोडली नाही.

का खोडली नाही? यावर चाळीस वर्षं विचार केला आहे. माझे आजोबा गावात दवंडी द्यायचे. आम्ही धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी हलगी टाकून दिली आणि त्यासाठी भर चावडीवर मार खाल्ला. डाव्या कानानं त्यांना पुढे कधी ऐकू आलं नाही. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. छापील कागदावर तो आला की माझी नजर त्याच्यावरून उडी मारून पुढे जायची. ही माझी सबब नाही, झालं ते सांगते आहे. कारण नजर चुकली हे एक वेळ खरं, पण नंतर अप्पांनी मला विचारलं होतं. कागद हातात घेऊन, बोट ठेवून. "बाई, दवंडी हाय यात. पोरीच्या कामाला दवंडी कशाला?" साहेबांची सही होऊन गेली होती. ते घरी गेले होते. चूक कबूल करायची म्हणजे त्यांच्या बंगल्यावर जायचं, मोठ्या कारकुनाला सोबत घ्यायचं, त्याचं तोंड पाहायचं. मी म्हटलं, "छापील आहे ते अप्पा. सगळ्यांतच असतं." अप्पा म्हणाले, "मग द्यावी लागंल." आणि घडी घालून कागद खिशात ठेवला. ह्या माणसाला मी ओळखत होते. कागदात असलं की तो करणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी जीप निघाली. अप्पा, मी, निलंग्याहून घेतलेले दोन पोलीस शिपाई आणि विमल. तिला गावाबाहेर पुलापाशी जीपमध्येच ठेवलं. नदीत दगड आणि वाळूशिवाय काही नव्हतं. नेमका टँकरचा वार होता. सगळं गाव घागरी-हंडे घेऊन रस्त्यावर, चार तासांपासून उन्हात तापलेलं. अप्पांनी चावडीवर हलगीवाला म्हातारा गाठला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. "ऐका हो… कोर्टाचा हुकूम हाय. डाक्टरची पोरगी तिच्या मायच्या ताब्यात द्यायची हाय हो…" रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक बाई हंडा तिथंच टाकून डॉक्टरच्या वाटेनं पळाली. अप्पा पंच शोधत होते. पंच व्हायला कुणी तयार नव्हतं. त्यात दहा-बारा मिनिटं गेली.

डॉक्टर ओसरीवर उभा होता. इस्त्रीचा सदरा, आवाज शांत. "बसा ना. पाणी घ्या. मुलगी घरात नाही, बहिणीकडे पाठवलीय." अप्पांनी हुकूम वाचून दाखवला, शब्द न् शब्द. मग आम्ही घर पाहिलं. उतरंडीमागे, माळ्यावर, न्हाणीत. एका कोनाड्यात तिची इंग्रजी चित्रांची पुस्तकं होती आणि शेजारी चिंचोके. डॉक्टरची म्हातारी आई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघून थुंकली. बाहेर गर्दी वाढत होती. मला आडनावावरून ओळखणारं कुणीतरी होतं, मग जातीवरून जे बोलायचं ते बोलून झालं. अप्पा परसात गेले. तिथं गोठ्याच्या कडेला डॉक्टरचा थोरला भाऊ भगवान एका फरशीवर उभा होता. हातात कुऱ्हाड. नुसता उभा.

अप्पांनी त्या फरशीकडे पाहिलं. वीस वर्षं जप्त्या केलेला माणूस तो. दवंडी ऐकली की लोक भांडी, धान्य, दागिने कुठं घालतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पेवात. जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात. त्या घरानंही पूर्वी तेच केलं असणार, बापजाद्यांपासून. दवंडी वाजली की माल पेवात. दोन वर्षं पीक नाही, पेव रिकामं, तळाशी थोडी जुनी ज्वारी कुजत पडलेली. असल्या पेवात विषारी हवा साठते, म्हणून आधी दिवा सोडतात, दिवा विझला तर माणूस उतरत नाही. अप्पा मागे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोरीला पेवात घातली का?"

डॉक्टरचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्याला माहीत नव्हतं. त्याला भावानं सांगितलं होतं, मागच्या वाटेनं धाडलीय. तो धावला. "दादा, बाजूला हो, ती मरंल, दादा!" भगवानला वाटलं भाऊ पोलिसांना घाबरून फिरला. तो म्हणाला, "तू बी त्यांचाच का रे?" आणि कुऱ्हाड उलटी करून त्यानं सख्ख्या भावाच्या बरगडीत हाणली. डॉक्टर पडला. अप्पा पुढे झाले तेव्हा दुसरा घाव आला, तो त्यांनी उजव्या हातावर घेतला. हाडाचा आवाज मला सात-आठ पावलांवरून ऐकू आला. एका शिपायानं भगवानच्या गुडघ्यावर काठी घातली, तो कोसळला, पुन्हा उठला, पुन्हा काठी बसली. तोवर गर्दी भिंतीवरून आत आली होती. दुसऱ्या शिपायाच्या डोक्यात पितळी घागर बसली, त्याचा डोळा रक्तानं मिटला. मला दोन बायांनी केसांना धरून पाडलं, एकीनं दंडाला चावा घेतला, लुगडं फाटलं, पाठीत लाथा बसत होत्या. मी ओरडत नव्हते. माझं सगळं लक्ष त्या फरशीकडे होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता.

डॉक्टरनं ती फरशी एकट्यानं सारली. मोडलेल्या बरगड्यांनिशी. अप्पा म्हणाले, "दोर बांधा, तसं उतरू नका," पण तो ऐकायला थांबला नाही, सरळ आत उडी मारली. अप्पा तोंडाशी पोटावर पालथे पडले. मी लोळत, रांगत त्यांच्यापर्यंत गेले. आतून डॉक्टरच्या धापांचा आवाज आला, मग अंधारातून मीना वर आली, त्यानं तिला डोक्यावर धरून वर ढकललं होतं. ओठ निळे, मान लटकलेली. अप्पांनी डाव्या हातानं तिला काखेत घेतलं, "बा यव्वा, बा," म्हणत. ये गं बाय, ये, असं त्यांच्या उदगीरकडच्या कन्नडमध्ये. आणि तो उजवा, मोडलेला हात त्यांनी परत आत घातला. डॉक्टरनं तो धरला. मी पाहिलं, त्याची बोटं अप्पांच्या मनगटाला घट्ट होती. अप्पांच्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. पोरगी खाली ठेवली असती तर दुसरा हात मोकळा झाला असता. पण भोवती लाथा चालू होत्या, ती तुडवली गेली असती. मी हात पुढे केले, म्हटलं, अप्पा, पोरीला माझ्याकडे द्या. त्यांनी दिली… आणि तेवढ्यात आतली बोटं सुटली.

मग गर्दी जिथल्या तिथं उभी राहिली. डोकं फुटलेला शिपाई आत उतरायला निघाला, त्याला अप्पांनी डाव्या हातानं मागे ओढून थोबाडीत मारली. "एक गेला. अजून कुणी उतरायचं न्हाई." विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. त्या गळानं डॉक्टरला वर काढलं. सदरा फाटून गळ पाठीत रुतला होता. भगवान गुडघ्यावर सरकत आला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हलवत राहिला. म्हातारी कुठून आली कळलं नाही, तिनं भगवानच्या तोंडावर चपलीनं मारायला सुरुवात केली. ती मारत होती, तो मार खात होता, कुणी सोडवायला गेलं नाही.

मीना माझ्या खांद्यावर होती. अर्ध्या वाटेत तिला उलटी झाली, श्वास आला आणि ती रडायला लागली. पुलापाशी विमल जीपमधून उतरून धावत आली. मी पोरगी तिच्या हातात दिली. पावतीवर तिची सही घ्यायची होती, तीही घेतली. सही करताना तिनं माझ्या फाटक्या लुगड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुठंयत?" मी पावतीची घडी घालत राहिले. तिला कळलं. ती रस्त्यावरच खाली बसली, पोरीला छातीशी धरून. आठ दिवसांत ती देश सोडून गेली. पुढे कोर्टाच्या पत्त्यावर तिचं एक पत्र आलं होतं, चार महिन्यांनी मीना बोलायला लागली एवढंच लिहिलेलं.

भगवानला शिक्षा झाली. आमच्याकडे चौकशी बसली, मुलीच्या कामात दवंडी कुणी द्यायला लावली याची. मी तीन दिवस जेवले नव्हते. मला बोलावलं तेव्हा टेबलावर ते वॉरंट होतं, घडीच्या जागी रक्ताचा डाग पडलेलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे तुम्ही तयार केलं?" हो म्हटलं. "यात दवंडी खोडलेली आहे." मी पाहिलं. शेवटच्या ओळीतल्या दवंडीवर रेघ होती. माझ्या बाकीच्या रेघा पट्टीच्या, सरळ. ही वाकडी होती, चढत गेलेली, मध्येच शाई साकळलेली. डाव्या हातानं मारलेली. अप्पांचा उजवा हात तेव्हा दवाखान्यात प्लास्टरमध्ये होता… ज्या माणसानं कागदाबाहेर जन्मात पाऊल टाकलं नाही, त्यानं कोर्टाचा कागद बदलला होता. अप्पांनी जबाब दिला होता, "कागदात दवंडी खोडली होती. मी सवयीनं दिली. चूक माझी." अधिकाऱ्यांनी मला पुन्हा विचारलं, "ही रेघ तुमचीच ना?" मी परीक्षेवर होते. घरी भावंडं होती, आजोबांनी माझ्या नोकरीचे पेढे बहिऱ्या कानानिशी गावभर वाटले होते. मी म्हटलं, "हो, माझीच."

एवढंच. माझी नोकरी राहिली, मी वाढत वाढत अधीक्षक होऊन निवृत्त झाले. अप्पा पुढच्याच वर्षी नाझर, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, व्हायचे होते, ते कधी झाले नाहीत. बेलिफ म्हणूनच निवृत्त झाले. उदगीरच्या त्यांच्या गल्लीत, नात्यात, सगळीकडे हेच पसरलं की शिवलिंगअप्पाच्या हेकेखोरपणानं एक डॉक्टर मेला. त्यांच्या बायकोनंही तेच मानलं. ती गेली तीही तेच मानून. मी दर दसऱ्याला सोनं द्यायला उदगीरला जायची. एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, ती रेघ…" ते म्हणाले, "कोणची रेघ? चहा घ्या बाई, निवून राहिलाय." दुसऱ्या एका वर्षी, काही विषय नसताना, आपल्या वाकड्या हाताकडे बघत म्हणाले, "लई घट्ट धरलं होतं त्यानं. म्याच धरलं न्हाई." मी म्हटलं, तुमचं हाड मोडलं होतं अप्पा. ते म्हणाले, "हाव. मोडलं होतं." 

अकराव्या दिवशी मी पुन्हा उदगीरला गेले आणि महानंदाला सगळं सांगितलं. अप्पांच्या खोलीत, त्यांच्याच बाजेवर बसून. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला हाकलून देईल. ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुमी ह्या घरात दसऱ्याचं सोनं घेऊन येत होता, बाई. माय समोर बसलेली असायची." मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "मला तोंडी सांगून काय व्हायचं? माझे भाऊ हायत, भावकी हाय. लिहून द्या. पेपरात द्या, नाव घालून." म्हणून हे लिहिलं आहे. त्या वॉरंटातली दवंडी मी ठेवली होती. विचारल्यावरही मी ती ठेवली. अप्पांनी कागदात होतं तेच केलं. खाली माझं नाव आहे.

निघताना स्वयंपाकघरातून जावं लागतं. दाराशी पत्र्याची मोठी कोठी आहे, ज्वारीची. तिच्यावर झाकण नव्हतं, नुसतं धुतलेलं पांढरं धोतर पसरून दोरीनं बांधलेलं. झाकण मागे भिंतीला खिळ्यावर टांगलं होतं, कोरं, कडेला दुकानाचा कागदसुद्धा तसाच चिकटलेला. महानंदानं मला तिकडं बघताना पाहिलं. म्हणाली, "उंदीर लागायचे, माय भांडायची. अप्पानं ह्या घरात कोठीवर झाकण कधी बसवू दिलं न्हाई. म्हणायचे, आत कोण हाय ते कळत न्हाई मग. आमी हसायचो. म्हणायचो, अप्पा, ज्वारी हाय आत, दुसरं कोण असंल?"

— कमल सोनकांबळे